मॅग्नेशियमची बाटली फोडायच्या आधी

आमचं पोरगं नऊ वर्षांचं आहे, ऑटिझम आहे, आणि मिक्सर लावला की ते उठून बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसतं. हे आमच्या घरात नेहमीचंच. पण गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ते फारच वाढलं, कुकरची शिट्टी, शर्टाचं लेबल, ट्यूबलाईटची घुणघुण, कशानंही रडून लोळण घ्यायचं. त्याच आठवड्यात माझ्या जावेनं व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला, "वहिनी, मॅग्नेशियम देऊन बघा, लई पोरं शांत झालीत म्हणं." तिनं मायेनंच पाठवलेला. मी त्याच रात्री ऑनलाईन मॅग्नेशियमच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) मागवल्या, डॉक्टरांना न विचारता, आणि चौथ्या दिवशी पोराला जुलाब सुरू. तेव्हा ते आठ वर्षांचं होतं, मी रोज २०० मिलिग्रॅम देत होते, आणि अमेरिकेतली मर्यादा चार ते आठ वर्षांच्या पोरांना गोळ्या-पावडरीतून दिवसाला ११० मिलिग्रॅमची आहे (नऊच्या पुढं ३५०, जेवणातलं मॅग्नेशियम यात धरत नाहीत). हे मला नंतर कळलं. म्हणून मी काय क्रमानं करायला पाहिजे होतं ते लिहिते, ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांच्यासाठी.

पहिलं म्हणजे मॅग्नेशियमबद्दल एवढं का बोलतात ते समजून घ्या. मज्जापेशींवर एनएमडीए नावाची दारं असतात, मॅग्नेशियम त्या दाराला कडीसारखं बसलेलं असतं, ते खूप कमी पडलं की नसा लवकर पेटतात, पायात गोळे येतात, चिडचिड होते. इथपर्यंत खरं आहे. पण ज्याच्या अंगात मॅग्नेशियम पुरेसं आहे त्याला वरून आणखी दिलं की आवाज सहन होतो, असा भक्कम पुरावा नाही. बी६ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम एकत्र देण्याची टूम तर जुनी आहे, २००५ च्या कॉक्रेन आढाव्यात (ही संस्था एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते) त्यावर तीनच छोटे अभ्यास मिळाले आणि त्यावरून द्या असं सांगता येत नाही असंच निघालं. आणि बी६ जास्त डोसमध्ये बरेच महिने घेतलं तर हातापायाच्या नसा खराब होतात, मुंग्या येतात, त्यामुळं कॉम्बो पॅक दिसला तर मागचं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका.

मग करायचं काय? तर आधी वही घ्या. साधी शंभर पानी. तीन आठवडे कुठलंही नवीन औषध, पावडर, गमी सुरू करायची नाही, फक्त लिहायचं: किती वाजता बिघडलं, त्याआधी काय आवाज-वास-गर्दी होती, शेवटचं खाणं कधी, पाणी किती, रात्री झोप कशी, शी झाली का. आमच्या वहीत दुसऱ्याच आठवड्यात दिसलं की दहातली सात वेळा संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या मध्ये, शाळेतून आल्यावर, आणि त्या दिवशी डबा निम्मा परत आलेला, पाण्याची बाटली भरलेलीच. उपाशी पोटी सगळं जगच मोठ्यानं वाजतं त्याला. आणि अजून एक दिसलं जे मी आधी कधी मोजलंच नव्हतं, रात्री पाय मारत राहायचं, चादर खाली, दोन-तीनदा उठायचं. ती वही घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञांकडं गेलो आणि त्यांनी ते पाय वाचूनच फेरिटिन तपासायला सांगितलं.

फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी साठा संपलेला असू शकतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आमचं हिमोग्लोबिन ११.८, म्हणजे त्याच्या वयाला ठीक, आणि फेरिटिन ११. पाच वर्षांवरच्या निरोगी पोरात १५ च्या खाली म्हणजे साठा संपला असं धरतात, आणि रात्री पाय वळवळत असतील तर डॉक्टर ५० च्या खालचा आकडाही कमीच मानतात. ताप-सर्दी असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून पोरगं आजारी नसताना तपासा, सोबत सीआरपी (अंगात सूज-संसर्ग आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. रक्तातलं मॅग्नेशियम तपासणार असाल तर एक लक्षात ठेवा, अंगातल्या एकूण मॅग्नेशियमचा जेमतेम एक टक्का रक्तात असतो, बाकीचं हाडात, स्नायूंत, त्यामुळं रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे सगळं कळलं असं नाही. केसांची तपासणी करून खनिजं सांगणारे पण भेटतील, त्यात पैसे घालवू नका. आणि "अंगातले जड धातू काढतो" म्हणून सलाईन लावणाऱ्यांच्या दारात सुद्धा जाऊ नका, २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचं ऑटिझमचं पोर त्या उपचारात गेलं.

रक्त काढणं हीच आमच्यासाठी मोठी परीक्षा होती. जे जमलं ते सांगते. लॅबवाल्यांना घरी बोलवा, एकाच टोचणीत सगळ्या तपासण्या घ्या, डॉक्टरांना विचारून बधिर करणारं मलम तासभर आधी लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवा, आणि आदल्या दिवशी सुई, पट्टा, कापूस यांचे फोटो दाखवा. "काही दुखणार नाही" असं मात्र म्हणायचं नाही. थोडं दुखेल, दहा आकडे मोजू, असं खरं सांगितलं तर ते पुढच्या वेळी पण हात देतं.

लोहाचं औषध डॉक्टरांनी वजन बघून दिलं, किती ते मी इथं लिहिणार नाही कारण प्रत्येक पोराचं वेगळं. पण देताना काय करायचं ते लिहिते. सिरपची चव गंजलेल्या खिळ्यासारखी, आमच्या पोरानं पहिल्या दिवशी भिंतीवर थुंकलं. मी ते वरण-भातात मिसळायला निघाले होते, आणि थेरपिस्ट ताईंनी वेळेत अडवलं. ज्या पोराला खायला मोजून पाच-सहाच गोष्टी चालतात त्याच्या आवडत्या घासात औषध लपवायचं नाही, एकदा चव कळली की तो घास कायमचा जातो. त्यापेक्षा स्ट्रॉनं द्या, दातावर डाग पण कमी पडतात, वर लगेच संत्र्याची फोड किंवा लिंबू सरबत, सी जीवनसत्त्वानं लोह नीट मुरतं. शी काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ झाला तर मात्र लगेच सांगा, पोट तुंबलं की हे पोरगं कापडाचा स्पर्श पण सहन करत नाही. आणि बाटली कडीकुलपात! लोहाचा जास्त डोस लहान पोरांना विष आहे, घरात धाकटं असेल तर अजूनच.

आमच्याकडं सकाळी चहा-चपाती असायची, आणि संध्याकाळी आजोबा कोल्हापूरच्या गंगावेशीत नेऊन कट्ट्यावरचं दूध पाजायचे, मोठा ग्लास भरून. दोन्ही लोहाला आडवं येतात, चहातलं टॅनिन आणि दुधातलं कॅल्शियम, शिवाय दुधानं पोट भरलं की जेवण राहतं. सासऱ्यांना दूध बंद करा म्हणायचं धाडस मला झालं नाही, डॉक्टरांनी सांगितल्यावर ते म्हणाले, "ग्लास छोटा करू, पण नेणार मी." तसंच ठरलं, औषधापासून दोन तास लांब. बाकी अळीवाचा लाडू, बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाण्याची चटणी, भोपळ्याच्या बिया, लोखंडी कढईतली भाजी, पोरगं यातलं जे खातं ते वाढवा. आमचं फक्त चटणी खातं, तर चटणीत तीळ वाढवले, हळूहळू, चव न बदलेल एवढेच.

झिंकबद्दल थोडक्यात. कमी पडलं तर चव आणि भूक मरते, म्हणून चोखंदळ खाणाऱ्या पोरात विचार करतात, पण बरेच महिने जास्त दिलं की अंगातलं तांबं कमी होतं. डॉक्टरांनी मुदत ठरवून दिलं तरच. मॅग्नेशियमचंही तेच, आणि लेबल वाचताना ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण १४० असतं, हिशोब त्या आकड्याचा करायचा. किडनीचा त्रास असेल तर हातच लावू नका. मोठी माणसं स्वतःसाठी घेत असाल आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, काही अँटिबायोटिक पण सोबत चालत नाहीत, केमिस्टला विचारा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते वही पण सांगू शकणार नाही.

तीन महिन्यांनी फेरिटिन ३८ झालं. पाय मारणं जवळजवळ थांबलं, सलग सात-साडेसात तास झोप लागायला लागली, आणि संध्याकाळचं कोसळणं आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आलं. त्यात साडेपाचला दारातच हातात दिलेल्या केळ्याचा वाटा किती आणि लोहाचा किती, मी छातीठोक सांगणार नाही. मिक्सर लावला की आजही ते बाथरूममध्येच जातं. त्यासाठी गोळी नाही, मी चटणी ते शाळेत गेल्यावर वाटते आणि कुकरच्या आधी "शिट्टी येणार, तीन" असं सांगते. शर्टाची लेबलं उसवून काढली, टाक्यासकट. हार्डवेअरच्या दुकानातलं कारखान्यात वापरतात ते कानावरचं इअरमफ घेतलं, ते पोरगं गर्दीपुरतं घालतं, दिवसभर नाही, कारण सारखं घातलं की कान अजूनच हळवे होतात.

यंदा विसर्जनाला आम्ही दुपारीच पन्हाळ्याला निघून जाणार आहोत. घरचा गणपती सासरे सकाळी लवकर पोचवतील, पोराच्या हातून, डॉल्बी सुरू व्हायच्या आत. बॅगेत इअरमफ, पाण्याची बाटली, चटणी-चपाती, त्याची जुनी मऊ चादर. औषधाची बाटली घरीच कपाटात, चावी माझ्याकडं.