लियोंमध्ये नवीन आहात? रोजच्या रेड वाइनबद्दल थोडं

इथे आलात की लवकरच ऑफिसातलं कुणीतरी जेवायला बोलावणार आणि टेबलावर वाइन असणारच. घेत नसाल तर 'ज न ब्वा पा' म्हणून मोकळे व्हा, कारणं सांगत बसू नका. रेस्टॉरंटमध्येही 'काराफ दो' मागितलं की नळाचं पाणी फुकट मिळतं.

घेणार असाल तर बोर्दो भागातल्या महागड्या वाइनच्या नादी लागू नका. लियोंच्या दक्षिणेला रोन नदीकाठचे मळे आणि उत्तरेला बोजोले, असं दोन्ही हाताशी असताना लांब कशाला जायचं? दक्षिणेकडच्या वाइनची, म्हणजे कोत द्यु रोनची, बरी बाटली सुपरमार्केटात पाच ते आठ युरोंत मिळते. त्यात मुख्यतः ग्रनाश द्राक्ष, जोडीला सिरा, म्हणून पिकलेल्या फळांची चव आणि जराशी मिरपूड. बोजोले गामे द्राक्षाची, हलकी. लेबलवर 'व्हिएय व्हीन्य', म्हणजे जुने वेल, असं लिहिलेलं पाहून हुरळू नका. किती जुने, हे कायद्यात कुठेच ठरलेलं नाही.

आता आपल्या जेवणाचं. रेड वाइन मटणाबरोबर चालते म्हणून तांबड्या रश्शाबरोबर उघडाल, तर दोन्ही वाया जातील. कोत द्यु रोनमध्ये तेरा-चौदा टक्के अल्कोहोल असतं आणि त्याने तिखट आणखी भडकतं. शिवाय द्राक्षाच्या सालीतून आलेलं टॅनिन कोऱ्या, जास्त उकळलेल्या चहासारखं जिभेला कोरडं करतं, आणि तिखटाने पोळलेल्या जिभेला ते फारच बोचतं. उलट मीठ आणि स्निग्धपणा टॅनिनला मऊ करतात. म्हणून इथली मंडळी सोसिसों, म्हणजे सुकवलेलं सॉसेज, आणि कोंते चीज पुढ्यात घेऊन बसतात.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं जमतं ते भरलं वांगं. दाणे, तीळ, सुकं खोबरं, गोडा मसाला. फक्त तिखट निम्मं करा आणि गुळावर हात आखडता ठेवा, कारण पदार्थ गोड झाला की वाइन आंबट लागते. खोबरं-कांदा भाजून केलेलं सुकं मटणही छान, तेही मिरचीपेक्षा मिरीवर. मसुराच्या आमटीला बोजोले घ्या. बांगडा किंवा सुरमईबरोबर मात्र रेड नको, तोंडात धातूसारखी चव येते. त्या दिवशी व्हाइट आणा. ठेचा असेल तर ताकच बरं! श्रीखंड-बासुंदीच्या वेळी ग्लास बाजूला ठेवलेला उत्तम.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला हीटर लावलेल्या फ्लॅटसाठी नाही. कोत द्यु रोन सोळा अंशांच्या आसपास चांगली लागते, बोजोले बारा-तेराला. म्हणजे जेवणाआधी कोत द्यु रोन वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये, बोजोले तासभर. उरली तर बूच लावून फ्रिजमध्येच ठेवा, दोन-तीन दिवस टिकते. नंतर मटणाच्या रश्शात ओता.

कुणाकडे बाटली घेऊन गेलात आणि यजमानांनी ती उघडली नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी त्यांच्या जेवणाला साजेशी आधीच काढून ठेवलेली असते. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून 'सांते' म्हणायचं, ग्लासकडे बघत नाही. आणखी नको असेल तर तळाशी थोडी ठेवा, रिकामा ग्लास दिसला की भरला जातो. बुशोंमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या पद्धतीच्या खानावळीत, वाइन 'पो'मध्ये मागा. जाड बुडाची ती बाटली 46 सेंटीलीटरची असते, दोघांना पुरते.

गाडी घेऊन जाणार असाल तर रक्तात लिटरला 0.5 ग्रॅमला पोचलात की गुन्हा, आणि फ्रेंच लायसन्स नवीन, प्रोबेशनवरचं असेल तर मर्यादा 0.2. तेवढ्याला एक ग्लासही पुरतो. त्यापेक्षा मेट्रोने जा, आणि शेवटची गाडी किती वाजता ते निघतानाच बघून ठेवा.