शिवारातला गवा: खुणा कशा वाचायच्या, वाट कशी सोडायची

राधानगरी तालुक्यात धरणाच्या पाण्यालगत आमची शेती आहे. दाजीपूरचं जंगल 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, पण हद्दीचा दगड गव्याला अडवत नाही. उन्हाळ्यात सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरचं गवत वाळतं, झरे आटतात, मग कळप राधानगरीच्या नाहीतर काळम्मावाडीच्या धरणाच्या पाण्याकडं उतरतात. त्या वाटेत आमचा ऊस उभा असतो. म्हणून मी सांगते ते मुख्यतः शेतात राबणाऱ्यांसाठी आहे. हौसेनं बघायला येणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

गवा दिसायच्या आधी त्याच्या खुणा दिसतात. सकाळी रानात शिरण्याआधी बांधावर थांबून खाली बघा. जनावराच्या मानानं गव्याचा खूर लहान असतो आणि पुढं निमुळता होत जातो. म्हशीचा खूर रुंद, फाकलेला उमटतो. शेण म्हशीच्या शेणासारखंच, त्यामुळं नुसत्या शेणावर विसंबू नका. दव मात्र फसवत नाही. गवतावर पांढरट दव असेल आणि त्यातून एक गडद हिरवा पट्टा उसाकडं गेला असेल, तर जनावर पहाटे, दव पडल्यानंतर गेलंय, आणि बहुतेक अजून फडातच आहे. त्या पट्ट्यावर पुन्हा दव बसलं असेल तर ते रात्री लवकर येऊन गेलं. सासऱ्यांनी मला शेतातलं पहिलं काम हेच शिकवलं, खुरपं नंतर हातात दिलं. आत गेलेला माग दिसला आणि बाहेर आलेला दिसला नाही, तर त्या दिवशी त्या फडात पाऊल टाकायचं नाही. पाण्याची पाळी चुकली तर चुकली.

दिसलाच तर ओळख सोपी आहे: गुडघ्यापासून खाली पांढुरके पाय, पाठीवर उंचवटा, नर काळाभोर, माद्या आणि वासरं तपकिरी. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन हजार किलोच्या घरात जातं. नजर बेताची, पण नाक फार तिखट. म्हणून वारा तुमच्याकडून त्याच्याकडं वाहत असेल तर तो तुम्हाला आधी ओळखतो आणि बहुधा स्वतःच निघून जातो. ते बरंच आहे. शेतात जाताना बोलत जा, काठी आपटत जा. गवा मुद्दाम माणसाच्या मागं लागत नाही. अंगावर येतो तो बहुतेक वेळा अचानक समोरासमोर गाठ पडल्यावर, वासरू जवळ असल्यावर, नाहीतर कोंडला गेल्यावर.

तो चिडलाय हे कळतं. नाकातून जोरात फुत्कारतो, मग आडवा उभा राहून आपली सगळी बाजू दाखवतो आणि मान खाली घालतो. नवख्या माणसाला वाटतं, तोंड फिरवलं म्हणजे चालला. तसं नसतं, तो आपला आकार दाखवत असतो. अशा वेळी ओरडू नका, दगड मारू नका, पळू नका. तोंड त्याच्याकडंच ठेवून हळूहळू मागं सरा आणि मोठ्या झाडाच्या आडोशाला जा. कळपापेक्षा एकटा फिरणारा म्हातारा नर जास्त बेभरवशाचा, त्याच्यापासून आणखी लांब राहा.

खरा धोका गर्दीचा. 2020 च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला गवा शिरला. लोक मागं धावले आणि पकडापकडीत तो मेला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात आपल्या कोल्हापूरच्या वेशीवर, पंचगंगेच्या काठाला गवा आला, तेव्हाही बघ्यांची झुंबड उडाली. मोबाईल वर धरून घेराव घातला की जनावराला जायला वाट राहत नाही. गावात गवा दिसला तर पोरांना घरात घ्या, कुत्री बांधा, तो ज्या बाजूनं आला ती बाजू मोकळी ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या नंबरवर कळवा. अंधार पडला की तो बहुतेक आल्या वाटेनं जातो. हे गावातल्या तरुण मंडळांनी मनावर घेतलं तर निम्मं काम होईल, असं मला मनापासून वाटतं.

शेतीपंपाला रात्री मिळणारी वीज हे आमचं मोठं दुखणं. मोटर चालू करायला एकट्यानं जाऊ नका, जोडीला माणूस आणि लांब झोताची बॅटरी हवीच. कुंपणात मेन लाइनचा करंट सोडणं गुन्हा तर आहेच, त्यात जनावरंच नाही, माणसंही मरतात. सौर कुंपण झटका देतं, जीव घेत नाही. तारेला टेकलेलं गवत मात्र सतत काढावं लागतं, नाहीतर झटक्याचा जोर जातो.

गुरांना लाळ्या-खुरकूतची लस वेळेवर टोचा. तो रोग चराऊ रानातून गव्यांपर्यंत पोचतो.

फडात बिबट्याही असतो. पंजाच्या ठशात चार बोटं दिसतात, नखं सहसा दिसत नाहीत, कुत्र्याची दिसतात. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर उचलू नका, तोड थांबवून वनखात्याला बोलवा. आई जवळपासच असते आणि रात्री त्यांना घेऊन जाते.

पिकाची नासाडी झाली तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. पंचनामा होईपर्यंत मोडलेला ऊस हलवू नका, खुरांच्या ठशांसकट फोटो काढा. सातबारा आणि बँकेचं पासबुक तयार ठेवा, दोन्ही मागतात.