तळहाताच्या फोडासारखा जपलेला मोबाइल : या चुका टाळा

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी एका रात्री वीज गेलेली असताना आमचे नाना मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात ओटा, ओसरी, गोठा आणि बाजेखालची जागा पालथी घालत होते. आत्याने विचारले तेव्हा ते काकुळतीने म्हणाले, "मना मोबाइल कोठे शे?" आत्याने उत्तर दिले, "नाना, तुमना हातमाच शे ना!" काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आम्ही त्या रात्री डोळ्यांनी पाहिली आणि नानांसह सगळे घर पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर नाना जे बोलले ते मात्र माझ्या मनात राहिले : मोबाइल जवळ नाही असे वाटताच छातीत धस्स झाले आणि त्या धसक्यात हातातली वस्तूही डोळ्यांना दिसली नाही.

या धसक्याला ‘नोमोफोबिया’ असे नाव आहे आणि ते २००८ साली ब्रिटनमध्ये रूढ झाले. नाव परदेशी असले तरी धसका आपल्या गावोगावी आहे. जी माणसे मोबाइल तळहाताच्या फोडासारखा जपतात, त्यांचाच मोबाइल बहुधा लवकर बिघडतो, हे मी नात्यागोत्यात वारंवार पाहिले आहे. क्षणभरही नजरेआड होऊ न देण्याच्या ओढीत तो उन्हात तापतो, उशीखाली घुसमटतो, पाण्याच्या काठावर जातो आणि त्यासोबत आपली झोप व जेवणही जाते. म्हणून पुढे सांगितलेल्या चुका निष्काळजीपणाच्या नसून मायेच्या आहेत, आणि त्यामुळेच त्या सहजासहजी सुटत नाहीत.

उन्हाळ्यातल्या चुका

खानदेशात राहणाऱ्याने सर्वांत आधी उष्णतेचा विचार केला पाहिजे. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, रावेर या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो, तर अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत मोबाइल वापरण्यासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावे, असे छापलेले असते. म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या दुपारी आपल्या अंगणातली सावलीसुद्धा या मर्यादेच्या बाहेर असते. अशा वेळी मोटारसायकलच्या हँडलवर, डोळ्यांसमोर दिसत राहावा म्हणून बसवलेला मोबाइल वरून ऊन, आतून नकाशाचे सततचे काम आणि जोडीला चार्जिंग असा तिहेरी ताप सोसत असतो. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलची थरथर हँडलमार्गे पोहोचल्याने काही मोबाइलच्या कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणाही बिघडू शकते.

तापलेल्या मोबाइलचा पडदा आपोआप अंधुक होतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश चालेनासा होतो आणि चार्जिंग मध्येच थांबते. पुष्कळ लोक ही लक्षणे पाहून घाबरतात आणि नवा चार्जर विकत घेतात किंवा बॅटरी बदलून टाकतात. प्रत्यक्षात हा बिघाड नसून मोबाइलने स्वतःला वाचवण्यासाठी केलेला बंदोबस्त असतो. त्या वेळी कव्हर काढावे, चार्जिंगची वायर सोडवावी, व्हिडिओ आणि हॉटस्पॉट बंद करून मोबाइल सावलीत पंख्याखाली ठेवावा आणि अर्धा तास त्याच्याकडे पाहू नये. हा अर्धा तासच धीर धरवत नाही, म्हणून कोणी तो फ्रीजमध्ये ठेवतो, तर कोणी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवतो. असे कदापि करू नये, कारण गरम वस्तू एकदम थंडाव्यात गेली की तिच्या आत बाष्पाचे दव धरू शकते, आणि जे काम उन्हाने केले नाही ते हे पाणी करते.

बॅटरीचे नुकसान मात्र खरे असते आणि ते परत भरून येत नाही. लिथियम-आयन बॅटरीत ऊर्जा साठवणाऱ्या मुख्य क्रियेबरोबर काही अनावश्यक रासायनिक क्रियाही हळूहळू चालू असतात, आणि उष्णता वाढली की त्यांचा वेग वाढतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तापली तर हा ऱ्हास आणखी जलद होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे कुटुंब गच्चीवर झोपते, घरातून लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड वर आणलेला असतो आणि प्रत्येकाचा मोबाइल उशीखाली किंवा गोधडीच्या घडीत रात्रभर चार्जिंगला लावलेला असतो. दिवसभर तापलेली गच्ची खालून, उशी वरून आणि शंभर टक्के भरलेली बॅटरी मध्ये, अशी ती मांडणी असते. रात्री वीज गेली तर सकाळी मोबाइल रिकामा सापडेल, ही भीती समजण्यासारखी आहे. तरीही संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना तासभर चार्जिंग करून वायर काढून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. अनेक नव्या मोबाइलमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करावी. बॅटरी शून्यावर उतरवूनच पुन्हा भरावी, हा जुना सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे आणि आजच्या मोबाइलला तो लागू पडत नाही.

मोबाइलची पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा कडेने उचलला गेला, तर मात्र तो त्याच क्षणी वापरायचा थांबवावा. फुगवटा बोटाने दाबून बसवण्याचा किंवा टाचणीने हवा काढण्याचा प्रयोग आगीला आमंत्रण देतो. असा मोबाइल जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच न्यावा आणि तोपर्यंत अंथरुणापासून दूर ठेवावा.

पाणी आणि ज्वारीचा डबा

होळीचे रंग, गणपती विसर्जन आणि पहिल्या पावसातले शेत या तिन्ही ठिकाणी फोटोच्या मोहाने मोबाइल भिजतो. तांदळाच्या डब्यात मोबाइल पुरण्याचा उपाय सगळीकडे प्रसिद्ध आहे, आणि आमच्या भागात तर तो दादर ज्वारीच्या कोठीतूनही बाहेर काढलेला मी पाहिला आहे. धान्य आतले पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचे पीठ आणि कण चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतात. भिजलेला मोबाइल आधी बंद करावा, कव्हर आणि सिमचा ट्रे काढावा, चार्जिंगची खाच खाली करून तळहातावर हलकेच आपटावा आणि वारा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवून द्यावा. खरी परीक्षा यापुढे असते. दर पाच मिनिटांनी तो चालू होतो का, हे पाहण्याची उबळ अनावर होते, आणि ओल असताना दिलेला हा विद्युतप्रवाहच मोबाइलचा जीव घेतो. एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा आणि त्याआधी चार्जर मुळीच लावू नये. मोबाइलवर पाण्यापासून संरक्षणाची खूण असली तरीही निश्चिंत राहू नये, कारण आतली रबरी सांधेबंदी वयाबरोबर आणि पडण्या-आपटण्याने सैल होत जाते.

खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल पकडून, मान वाकडी करून दुचाकी चालवणारे तरुण मला धुळ्यापासून चाळीसगावपर्यंतच्या रस्त्यावर रोज दिसतात. या चुकीवर कोणतीही तांत्रिक दुरुस्ती नाही. गाडी बाजूला थांबवावी आणि मग बोलावे.

न वाजलेली रिंग आणि थंड झालेले भरीत

मोबाइल खिशात नसतानाही मांडीपाशी थरथर जाणवणे, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक आहे की माझे मामा केळीच्या बागेत पाणी देताना रिकाम्या खिशावर दोनदा हात मारतात. मेंदू सतत एखाद्या संदेशाची वाट पाहत असला की कापडाचा घासटा किंवा स्नायूची हालचाल यांचाही तो तोच अर्थ लावतो. यात घाबरण्यासारखे काही नाही, मात्र वाट पाहण्याचे प्रमाण फार वाढले आहे, ही त्यातली सूचना खरी आहे. यावर लोक मोबाइल सायलेंट करून पुन्हा खिशातच ठेवतात आणि मग आवाज येत नाही म्हणून आधीपेक्षा अधिक वेळा काढून पाहतात. ही चूक टाळून सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपची सूचना वेगवेगळी तपासावी, फोनकॉल आणि कामाचे एक-दोन संदेश यांचाच आवाज ठेवावा, आणि बातम्या, खेळ, खरेदी व सकाळ-संध्याकाळच्या शुभेच्छांचे गट यांना गप्प करावे. त्यानंतर मोबाइल वाजला तर खरेच काही काम आहे, ही खात्री मनाला हळूहळू पटते.

हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असते तेव्हा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचा धुरकट वास सगळीकडे पसरलेला असतो, कळण्याची भाकरी तव्यावरून उतरत असते आणि तेवढ्यात कोणीतरी सर्वांना थांबवून पाने सरळ करायला लावतो. पहिला फोटो हलतो, दुसऱ्यात कोणाचे तरी डोळे मिटलेले असतात, तिसऱ्यात कांद्याची पात दिसत नाही. भरीत गरमच खावे, हे ज्या खानदेशी माणसाला शिकवावे लागत नाही, तोच ते निवेपर्यंत हात आखडून बसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. यासाठी आमच्या घरात आता एक फोटो, एकदाच, आणि तोही वांगी जाळावर असताना काढायचा, असा नियम केला आहे. जाळावरचे वांगे ताटातल्या भरतापेक्षा फोटोत अधिक देखणेही दिसते.

व्रत का मोडते

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा नव्या वर्षाला पुष्कळ जण मोबाइल अजिबात न पाहण्याचा निश्चय करतात आणि तिसऱ्या दिवशी तो मोडतो. याचे कारण मनाचा दुबळेपणा हे नाही. बँकेचा ओटीपी, एसटीची वेळ, बाजारभाव, मुलांच्या शाळेचा निरोप आणि घड्याळाचा गजर हे सगळे त्या एकाच वस्तूत कोंडलेले असल्यामुळे तिला हात लावल्याशिवाय दिवस जात नाही, आणि एका कामासाठी हात लावला की बोट पुढची दहा कामे शोधते. म्हणून मोबाइल सोडण्याऐवजी त्यातली कामे एकेक करून बाहेर काढावीत. सुरुवात गजरापासून करावी. बाजारातून साधे गजराचे घड्याळ आणले की मोबाइल उशाशी ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण संपते. पाठोपाठ जवळच्या दहा माणसांचे क्रमांक वहीत लिहून ठेवावेत.

ती वही आणखी एका कामाची आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतल्या गर्दीत मोबाइल हरवला तर त्याचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या मोबाइलचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो, आणि तो बहुतेकांनी कधीच लिहून ठेवलेला नसतो. *#०६# असे डायल करून दिसणारा १५ अंकी क्रमांक आजच वहीत उतरवावा. पोलिसांत तक्रार दिल्यावर केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावरून त्या क्रमांकाचा मोबाइल देशभर बंद करता येतो. फोटोंची दुसरी प्रत मात्र आधीच काढलेली असावी लागते, कारण ती नंतर कोठूनही मिळत नाही.

जुन्या टेलिफोनला घरात एक ठरलेली जागा होती आणि माणसे तेथे जाऊन बोलत असत. तशीच जागा मोबाइललाही द्यावी. आमच्या घरी ओसरीतला कोनाडा त्यासाठी ठरला आहे आणि जेवताना सगळ्यांचे मोबाइल तेथे एका रांगेत असतात. महत्त्वाचा फोन आला तर काय, ही नानांची शंका रास्त होती. म्हणून प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही रिंग गप्प ठेवणारी सोय सुरू करून घरच्या माणसांचे क्रमांक त्यातून वगळले, आणि एकाच क्रमांकावरून काही मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर रिंग वाजावी, हा पर्यायही चालू केला. पहिल्या आठवड्यात नाना भाकरीचा घास तोंडात असताना चारदा उठून कोनाड्यापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या आठवड्यात जेवताना कोनाड्यातून रिंग आली, तेव्हा त्यांनी मान न वळवता आत्याकडे ताट पुढे केले आणि शेवभाजीचा रस्सा आणखी वाढायला सांगितला, कारण रिंग मामांच्या मोबाइलची होती आणि ती त्यांनी आवाजावरून ओळखली होती.