चलनबाजारातील रोबो खरे पैसे लावण्यापूर्वी कसा तपासावा

चलनबाजारातील रोबो म्हणजे ठरलेल्या नियमांनुसार चलनांचे सौदे आपोआप करणारा संगणकीय प्रोग्राम. तो तपासताना भारतात राहणाऱ्या वाचकाने पहिली पायरी कायद्याची मानावी. परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा), १९९९ नुसार चलनाचे सौदे अधिकृत व्यक्तींशी (रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँका वगैरेंशी), रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या इलेक्ट्रॉनिक मंचांवर किंवा एनएसई, बीएसई यांसारख्या मान्यताप्राप्त बाजारांतच, आणि तेही परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. परदेशी ब्रोकरकडे मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) म्हणून पैसे पाठवणे, रहिवाशांना ठरावीक मर्यादेत परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या उदारीकृत प्रेषण योजनेतही बसत नाही. रिझर्व्ह बँक २०२२ पासून अनधिकृत मंचांची सावधानता यादी प्रसिद्ध करते. मात्र यादीत नाव नाही म्हणून मंच अधिकृत ठरत नाही. ३ मे २०२४ पासून तर शेअर बाजारातील रुपया-डॉलरच्या वायद्यांसाठीही आयात-निर्यातीसारखी मूळ चलनजोखीम असावी लागते. म्हणून पुढील पायऱ्या, जेथे असे व्यवहार कायदेशीर आहेत अशा देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहेत. इतरांनी त्या केवळ समजून घेण्यासाठी वाचाव्यात.

मेटाट्रेडर ५ या सौदे करण्याच्या संगणक प्रणालीत रोबोला ‘एक्स्पर्ट अ‍ॅडव्हायझर’ म्हणतात. तो विकत घेतलेला असो वा स्वतः लिहिलेला, सौदा केव्हा उघडतो, केव्हा मिटवतो आणि तोटा झाल्यावर काय करतो, हे आधी साध्या मराठीत कागदावर लिहून काढावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. अनेक रोबो प्रत्येक तोट्यानंतर सौद्याचा आकार दुप्पट करतात. ०.०१ लॉटपासून (लॉट म्हणजे सौद्याचा आकार मोजण्याचे एकक) सुरुवात केली, तर सलग आठ तोट्यांनंतरचा सौदा २.५६ लॉटचा होतो, म्हणजे २५६ पट. अशा रोबोचा नफ्याचा आलेख महिनोन्‌महिने सरळ वर चढताना दिसतो आणि एखाद्याच आठवड्यात खाते रिकामे होते. विक्रेता जर हा नियम सांगण्यास तयार नसेल, तर तो रोबो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर मेटाट्रेडरच्या ‘स्ट्रॅटेजी टेस्टर’मध्ये जुन्या भावांवर चाचणी घ्यावी. प्रारूप निवडताना प्रत्यक्ष टिकांवर (भावातील प्रत्येक बदलाच्या नोंदींवर) आधारित प्रारूप घ्यावे, कारण छोट्या नफ्यावर चालणारे रोबो ढोबळ भावांवर हमखास यशस्वी दिसतात. खर्च धरण्यात कंजुषी करू नये: युरो-डॉलरच्या एका लॉटमध्ये एक पिप (भावातील बदल मोजण्याचे छोटे एकक) म्हणजे १० डॉलर, रोबो प्रत्येक सौद्यात सरासरी ४ पिप कमावत असेल आणि स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावांतील फरक) व कमिशन मिळून दीड पिप जात असेल, तर हातात अडीचच पिप उरतात, आणि अपेक्षेपेक्षा वाईट भावाने सौदा पुरा झाल्यास तेही कमी होतात.

याच टप्प्यावर बहुतेक जण फसतात. मापदंड (रोबोच्या नियमांतील बदलता येणारे आकडे) बदलून बदलून चाचणी घेतली, की त्या जुन्या काळाला नेमका जुळणारा संच कधी ना कधी सापडतोच. त्यातून पुढच्या काळाविषयी काहीही सिद्ध होत नाही. हे टाळण्यासाठी जुन्या भावांचा शेवटचा एक तृतीयांश भाग बाजूला ठेवावा, मापदंड आधीच्या भागावर ठरवावेत आणि बाजूला ठेवलेल्या भागावर चाचणी एकदाच घ्यावी. तेथे निकाल कोसळला, तर मापदंड पुन्हा जुळवत न बसता तो विचारच सोडून द्यावा.

यातून टिकलेला रोबो काही महिने डेमो खात्यावर (खरे पैसे नसलेल्या सरावाच्या खात्यावर) आणि मग सर्वांत लहान लॉटवर चालवावा. स्टॉप लॉस (तोटा ठरावीक भावाला पोहोचताच सौदा मिटवण्याची सूचना) ब्रोकरच्या सर्व्हरवर नोंदवलेला असावा, म्हणजे आपले इंटरनेट बंद पडले तरी तो शाबूत राहील. तरीही तो हमी देत नाही. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेने, म्हणजे स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने, एका युरोला १.२० फ्रँक ही किमान मर्यादा अचानक उठवली, तेव्हा अनेकांचे स्टॉप लॉस ठरवलेल्या भावापासून फार दूर अमलात आले आणि काही ग्राहक ब्रोकरचे देणेकरी झाले. यासाठी लिव्हरेज (अनामतीच्या कितीतरी पट मोठा सौदा करण्याची सोय) कमी ठेवावे.

रोबो थांबवण्याची रीतही डेमोवर आधी करून पाहावी: ‘अल्गो ट्रेडिंग’चे बटण बंद केल्याने रोबोचे नवे सौदे थांबतात, परंतु उघडे सौदे तसेच राहतात आणि ते आपल्यालाच हाताने मिटवावे लागतात.