वाळवंटातील अचानक पूर: घळीत उतरण्यापूर्वी या चुका टाळा

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ मानला जातो आणि शेजारच्या दक्षिण युटामध्येही साधारण याच दिवसांत वादळी पाऊस होतो. हा पाऊस झड लावणारा नव्हे. दुपारच्या उष्म्याने ढग उभे राहतात, एखाद्या लहानशा पट्ट्यावर तासाभरात कोसळतात आणि काही मैलांवरची जमीन कोरडीच राहते.

त्यामुळे डोक्यावरचे निरभ्र आकाश पाहून निर्धास्त होणे, ही येथील सर्वांत घातक चूक ठरते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातील पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये पुराच्या लोंढ्याने ११ पर्यटकांचा बळी घेतला. घळीपाशी त्या वेळी पाऊस जवळजवळ नव्हताच, तो वरच्या भागात दूर कोसळला होता. म्हणून अंदाज पाहायचा तो आपण उभे आहोत त्या जागेचा नव्हे, तर त्या घळीत ज्या ज्या भागाचे पाणी उतरते त्या संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा. नकाशावर हे क्षेत्र आधी ओळखून ठेवावे, कारण एकदा अरुंद भिंतींमध्ये शिरल्यावर आकाशाची केवळ एक फट दिसते.

वाळू पाणी शोषून घेईल, हा समजही तितकाच फसवा आहे. उघडा खडक, उन्हाने कडक झालेला मातीचा थर आणि विरळ झाडोरा यांमुळे जोराचे पाणी मुरण्यापूर्वीच वाहू लागते. उतारावर अलीकडे वणवा लागून गेला असेल, तर जळालेली जमीन पाणी जणू झटकून टाकते आणि राख, ओंडके व दगड घेऊन लोंढा खाली येतो.

इशारे वाचण्यातही गफलत होते. ‘वॉच’ म्हणजे पुराला अनुकूल परिस्थिती, तर ‘वॉर्निंग’ म्हणजे पूर आलेला आहे किंवा येण्याच्या बेतात आहे. युटातील झायन राष्ट्रीय उद्यानासाठी रोज पुराच्या शक्यतेची चार पायऱ्यांची श्रेणी दिली जाते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी ती ‘प्रॉबेबल’, म्हणजे संभाव्य, अशी होती. त्या दिवशी उद्यानातील कीहोल कॅन्यन या घळीत पुराने सात जण मरण पावले आणि त्यांच्याकडे रीतसर परवाना होता. परवान्याने प्रवेश मिळतो, सुरक्षिततेची हमी मिळत नाही, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. श्रेणी सर्वांत खालची असली, तरीही मला ती निश्चिंत होण्याइतकी पुरेशी वाटत नाही.

गाडीच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. सहा इंच वेगवान पाणी प्रौढ माणसाला पाडू शकते, एक फूट पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकते आणि दोन फुटांत बहुतेक मोठ्या गाड्याही जातात. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे चालकाला दिसत नाही. अ‍ॅरिझोनात रस्ता बंद करणारा अडथळा ओलांडून पाण्यात शिरलेल्या चालकाकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याची तरतूद कायद्यातच आहे. कोरड्या पात्रात तंबू ठोकू नये, हे वेगळे सांगायला नको.

घळीत असतानाच पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाने वाहू लागली, पातळी वाढू लागली किंवा वरच्या बाजूने घरघर ऐकू आली, तर परतीच्या वाटेने धावत सुटण्याची चूक करू नये, कारण लोंढ्याचा वेग माणसापेक्षा जास्त असतो. सामान टाकून ताबडतोब उंच जागा गाठावी. काही फुटांची चढणही जीव वाचवू शकते. पाणी ओसरायला साधारणतः २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तोवर खाली उतरू नये. पहिला लोंढा सरला म्हणजे धोका टळला असे नव्हे, कारण त्याच पाणलोटात दुसरे वादळ येऊ शकते.