इराणी भटक्या जमातींचा जुना गालिचा कसा पारखावा

इराणमधील भटक्या जमातींनी विणलेला जुना गालिचा समोर आला, की नक्षीकडे पाहण्याआधी तो उलटा करावा. शहरी कारखान्यांतील गालिच्यांचा ताणा, म्हणजे विणीतले उभे धागे, बहुधा सुती असतो. स्वतःचे कळप बाळगणाऱ्या भटक्यांचा ताणा मात्र बहुतेक वेळा लोकरीचाच असतो. त्यांचा माग जमिनीत खुंट्या ठोकून आडवा ताणलेला असे आणि तळ हलवताना तो अर्धवट विणीसकट गुंडाळून पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणला जाई. त्यामुळे ताण बदलतो, कडा किंचित वाकड्या होतात आणि रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी राहत नाही. हा दोष मानू नये. मात्र पसरल्यावर गालिचा फुगून राहत असेल, तर त्याला गावरान सौंदर्य म्हणण्याचाही मोह टाळावा.

त्यानंतर रंग पाहावेत, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. लाल रंग रुनास नावाच्या झाडाच्या मुळांपासून, निळा निळीपासून, तर पिवळा रानटी फुलांपासून किंवा डाळिंबाच्या सालीपासून काढला जाई. पहिला कृत्रिम रंग 1856 मध्ये तयार झाला आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत असे रंग इराणी तळांवरही पोहोचले. लव, म्हणजे वर उभे राहणारे गाठींचे लोकरी धागे, बोटांनी फाकवून तळाशी पाहावे: वरचे टोक राखाडी आणि मुळाशी भडक जांभळा किंवा नारिंगी रंग दिसला, तर तो आरंभीचा कृत्रिम रंग असण्याचा संभव मोठा असतो. ओल्या पांढऱ्या कापडाने हलके पुसल्यावर रंग उतरत असल्यास सावध व्हावे. एकाच निळ्या पृष्ठभागावर फिकट-गडद आडवे पट्टे दिसतात, ते लोकर थोडी थोडी रंगवल्यामुळे येतात; अशा पट्ट्यांनी मोकळ्या जागेला जी हालचाल मिळते, ती एकसारख्या रंगात सापडत नाही. काळ्या-तपकिरी जागी लव खोल झिजलेली असेल, तर लोह वापरून केलेल्या रंगाने तिथली लोकर कालांतराने खाल्लेली असते. ही जुनेपणाची चांगली खूण आहे, परंतु कात्रीने तिची नक्कलही करता येते.

नक्षी शेवटी पाहावी. शहरी विणकर चौकटींच्या कागदावरील आराखडा पाहून विणत असे, तर भटकी स्त्री बहुधा स्मरणातून विणत असे. म्हणूनच काठ कोपऱ्यावर नीट वळत नाही, मधेच एखादी कोयरी किंवा प्राणी उगवतो. दक्षिण इराणच्या फार्स प्रांतातील कश्काई जमातीच्या गालिच्यात पदकांभोवतीची, म्हणजे मधल्या मोठ्या आकृत्यांभोवतीची, जागा फुलापानांनी खच्चून भरलेली असते. त्यांना शह देण्यासाठी एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या खम्सेह संघातील जमातींच्या विणीत कोनदार पक्ष्यांच्या रांगा आढळतात. ईशान्य इराणमधील खोरासानच्या बलुचांचे गालिचे गडद लाल, निळे आणि तपकिरी असून त्यांच्या कडांना अनेकदा बकरीच्या केसांची बळकट गुंडाळी असते. तरीही केवळ नक्षीवरून जमात ठरवू नये, कारण नक्ष्या विवाहांतून आणि बाजारांतून सहज फिरल्या. गाठीची पद्धत, बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) रंग आणि कडेची बांधणी यांची साक्ष अधिक भरवशाची असते.

घेण्याआधी गालिचा हळूच दुमडून कान द्यावा. कडकड ऐकू आली, तर आतले धागे कुजलेले असतात आणि अशा गालिच्याची दुरुस्ती सहसा परवडत नाही. झिजलेली लव मात्र खपवून घ्यावी, फक्त उघड्या पडलेल्या धाग्यांवर रंग फासलेला नाही ना, एवढे उजेडात तपासावे.