गतिरोधक, फुटपाथ, धूर आणि पाणी: पालिकेने या चुका टाळाव्यात

अपघात झाला की पुण्यात पहिली मागणी ठरलेली: गतिरोधक टाका. तो पडतोही, पण अंदाजपंचे! रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं माप ताशी 25 किलोमीटर वेगासाठी 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असं आहे. आमच्या गल्लीतला जेमतेम दोन वीत रुंद. दुचाकीवाले तो चुकवायला कडेच्या फटीतून गाडी घालतात आणि ती फट नेमकी शाळेच्या फाटकासमोर आहे. ठेकेदाराचं बिल काढण्याआधी टेप लावून बघायला दोन मिनिटं पुरतात.

महामार्गावरच्या नवले पुलाजवळच्या अपघातांचं दुखणं गतिरोधकाने बरं होणारं नाही. नव्या कात्रज बोगद्यापासून उतार लागतो, ट्रक न्यूट्रलवर सोडले जातात आणि ब्रेक तापून निकामी होतात. वेग रोखायचा तो उताराच्या तोंडाशीच.

फुटपाथची तऱ्हा वेगळी. 2016 मध्ये पालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथही झाला. आत गल्लीत या, तर दर चार पावलांवर पार्किंगचा उतार, मग पुन्हा चढ, मध्येच विजेच्या डीपीचा डबा. कडेचा दगड 15 सेंटीमीटरपेक्षा उंच नको, हे कागदावर. शेजारच्या आजी खांब धरून वर चढतात. म्हणाल्या, "यापेक्षा पर्वती बरी, तिथे एवढी कसरत नाही." शेवटी त्या रस्त्यानेच चालतात. चूक दगड बसवणाऱ्याची कमी, एकदाही तिथून चालून न बघणाऱ्या साहेबांची जास्त.

डेंगी वाढला की धुराची गाडी फिरते. लोकांना बरं वाटतं, कारण काम दिसतं. धुराने उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला पिंप रिकामं करून घासायला हवं. अंडी कडेला चिकटून राहतात. धुरावरची माणसं घरोघर पिंपं तपासायला पाठवावीत.

हद्दवाढीतली चूक सगळ्यात महागात पडली. नांदेड, किरकटवाडीसह 23 गावं 2021 मध्ये पालिकेत आली. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले आणि बोट पाण्याकडे गेलं. हद्दीची रेघ मारायच्या आधी शुद्धीकरणाची सोय नको का? शिवाय क्लोरीन टाकीवर मोजून भागत नाही. लाइनीतल्या शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरतं का, ते तिथे जाऊन बघावं लागतं.